बेबीनंदाचा चेहरा

कल्याण मिस्त्रीनं सोमवारी सकाळी उषाबाईंच्या स्वयंपाकघराची भिंत फोडली, आतला पाइप बोटानं दाखवला, "सडला बघा पुरा, मॅडम," असं म्हणाला आणि दुपारी जेवायला म्हणून गेला तो बुधवार उजाडला तरी परतला नाही. फोन केला की त्याचं एकच. "जालन्याला स्लॅब चालू हाय, मॅडम. आज टाकून होतो. उद्या सकाळी तुमच्याकडं बराबर."

उषाबाईंनी गॅसची शेगडी बाहेरच्या खोलीत टीपॉयवर मांडली होती. दिवाणावर डबे, खुर्चीवर पातेली, टीव्हीच्या शेजारी मिठाची बरणी. अंबडच्या शिक्षक कॉलनीतलं ते चार खोल्यांचं घर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी नोकरीच्या सुरुवातीला बांधलं होतं. यजमान तहसीलमध्ये होते, चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी मीना पुण्याला. उषाबाई तेहेतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. गावातल्या जुन्या घरांच्या बैठकीत हातानं काढलेले जे चेहरे टांगलेले दिसतात, त्यांतले निम्मे तरी त्यांच्या हातचे. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, देवाघरी गेलेले वडील, कुणाच्या पणजोबांचा पिवळा पडलेला फोटो मोठा करून काढलेला. सगळं त्यांनी केलं होतं.

बुधवारी दहा वाजता दार वाजलं. मिस्त्री आला असेल म्हणून त्या लगबगीनं उठल्या. दारात एक बाई उभी होती. पस्तिशीची, सावळी, साडीवर पुरुषी शर्ट घातलेला, हातात वाळूची चाळणी.

"कल्याण मिस्त्रीनं धाडलं, बाई. मी दीपमाला. बिगारी हाय त्यांच्याकडं."

"आणि मिस्त्री?"

"येऊन राह्यलेत मागून."

तिनं अंगणातली वाळू चाळली, भिंतीतला मोडलेला माल घमेल्यानं बाहेर नेऊन टाकला, जागा झाडून घेतली. साडेअकराला सगळं आटपलं. मिस्त्रीचा पत्ता नव्हता. मग ती पायरीवर बसली. उषाबाईंच्या लक्षात आलं की हिला कामाला पाठवलेलं नाही, नुसतं बसायला पाठवलंय. घरमालकाला दिसावं की काम चालू आहे.

"आत येऊन बस की. पंख्याखाली," त्या म्हणाल्या.

दीपमाला आत आली आणि दाराजवळच्या खुर्चीत टेकली. दोघींनाही करायला काही नव्हतं. उषाबाईंनी जरा वेळ वर्तमानपत्र चाळलं, मग समोर पाहिलं. खिडकीतून येणारा उजेड दीपमालाच्या एका गालावर पडला होता. कपाळाचं हाड, गालाची खोलगट बाजू, ओठाच्या कोपऱ्यातली सुरकुती, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. पुष्कळ दिवसांनी त्यांचा हात शिवशिवला.

"तुझं चित्र काढू का गं?"

"माहं?" ती हसली. "काढा. वेळच हाय."

"पण हालायचं नाही हं."

"हालायचं कशाला, बाई. हालून हालून तर जीव चालला."

उषाबाईंनी कपाटावरून बोर्ड काढला, कागद लावला, पेन्सिलला टोक केलं. काढता काढता त्या बोलत राहिल्या. चेहरा काढताना बोलायची त्यांची सवय होती, समोरच्याचा ताठपणा जातो.

"मी माणसाचा चेहरा कधी विसरत नाही बघ. एकदा पाहिला की बसला. परवा स्टँडवर एक जण दिसला, डोक्यावर केस नाहीत, पोट सुटलेलं. मी म्हटलं, तू अठ्ठ्याऐंशीच्या सातवी ब मधला ना? खिडकीपाशी बसायचास? तो बघतच राहिला."

दीपमाला काही बोलली नाही. हालायचं नाही असं सांगितलं होतं म्हणून असेल.

पाऊण तासानं त्यांनी बोर्ड फिरवून तिच्यापुढे धरला. तिनं हात शर्टला पुसले आणि तरीही कागदाला बोट लावलं नाही.

"असी दिसते व्हय मी? थकेल."

"थकलेली नाही गं. शांत."

"न्हाई, थकेलच हाय. पण बराबर हाय." ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, फोटो नसला तरी काढता येतो का तुम्हाला? नुसतं सांगून?"

"कुणाचा?"

"मायचा. तिचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं. मी नऊ वर्साची होते ती गेली तेव्हा. आता घरकुल मंजूर झालं, भिंती मीच उभ्या केल्या, पुढच्या महिन्यात गृहप्रवेश. प्रिया, माही पोरगी, दहावीला हाय. ती म्हणते, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आजीचा लावू. मी कुठून आणू?"

"जमेल की. कशी होती, नाक कसं, डोळे कसे, तू सांग. थोडं थोडं करत..."

"तुम्हाला सांगायची काय गरज, बाई? तुम्ही तर रोज पाहत होत्या." दीपमाला पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली. "बेबीनंदा. तुमच्याकडं कामाला होती. अकरा वर्सं."

उषाबाईंनी बोर्ड मांडीवर उतरवला.

"तू बेबीची मुलगी?"

"व्हय. मिस्त्री म्हणत होते जालन्याला स्लॅबवर चल, तिथं माह्या जोडीच्या चारजणी हायेत. मी म्हणले, न्हाई, मी बाईंकडं जाते. म्हणले, मायचा चेहरा ठावं असणारं अन् चित्रं बी काढणारं माणूस एकच हाय."

"आठवते की," उषाबाई म्हणाल्या. "आठवते ना. बेबी कशी विसरेन?"

दीपमालाचा चेहरा उजळला. तेवढा एकदाच तो तसा उजळला, आणि उषाबाईंना पुढं काही सांगता आलं नाही.

ती पाच वाजता गेल्यावर उषाबाई कोरा कागद घेऊन बसल्या. डोळे मिटले. बेबी. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी ते नव्व्याण्णव. रोज सकाळी साडेसहाला मागच्या दारानं यायची. भांडी, धुणं, केर. त्यांना तिच्या पायातली चांदीची जोडवी आठवली. भांडी घासतानाचा राखेचा खसखस आवाज आठवला. मागच्या पायरीवर ती पाठ करून बसलेली आठवली, अंगावर विटकरी साडी, मानेवर बांधलेला लहानसा अंबाडा. ती पाठ तर त्यांनी आत्ता हुबेहूब काढली असती.

आणि कप आठवला. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. मागच्या दाराशेजारच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. बेबी काम संपलं की तो घ्यायची, पायरीवर बसायची, उषाबाई वरून चहा ओतायच्या, ती प्यायची, स्वतः विसळून परत पालथा घालायची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिचा कप वेगळा. उषाबाईंना ते पटलं नव्हतं. पण नव्या सुनेनं काय बोलायचं? सासूबाई पंच्याण्णव साली गेल्या. त्यानंतरही बेबी चार वर्षं येत होती, आणि कप कोनाड्यातच होता. त्या चार वर्षांत कुणीही त्यांचा हात धरला नव्हता.

कपावरचं एकेक फूल त्यांना दिसत होतं. चेहरा दिसत नव्हता.

त्यांनी जोर लावला. एक दिवस आठवला. चौदा एप्रिलला शाळेत लावायला त्यांनी बाबासाहेबांचं मोठं तैलचित्र करायला घेतलं होतं. याच खोलीत, खिडकीपाशी. चष्म्याच्या काचेवरची चमक काढत होत्या, हात जरा हलला तरी बिघडलं असतं. मागं केरसुणीचा आवाज थांबला.

"बाई, लई बराबर काढलं. डोळे तर पाहूनच राह्यले आपल्याकडं."

"हं."

"मला बी काढा की एकदा."

"काढू की. सुट्टी लागू दे."

शब्द जसेच्या तसे आठवत होते. पण ते ऐकताना उषाबाईंनी मागं वळून पाहिलंच नव्हतं. त्या चित्राचं शाळेत फार कौतुक झालं. समतेवर दहा मिनिटं भाषणही त्यांनी केलं होतं. मग सुट्टी लागली, मीनाला घेऊन त्या माहेरी टेंभुर्णीला गेल्या. नंतर किती सुट्ट्या आल्या न् गेल्या.

गुरुवारी दीपमाला येताना रुमालात बांधून आईचं जुनं मतदान कार्ड घेऊन आली. एका वादळात घरावरचे पत्रे उडाले तेव्हा ते भिजलं होतं. आत पाणी जाऊन फोटोच्या जागी पांढुरका डाग उरला होता. डागाच्या कडेला थोडे केस, एक कान आणि पदराचा काठ.

"एवढंच हाय. बाकी तुम्हाला ठावं हाय."

उषाबाईंनी कागद लावला. चेहरा लांबट काढला. दीपमालावरून नाक घेतलं, गालाची हाडं घेतली, वय थोडं कमी केलं, केस मागं नेले. हाताला सवय होती, चित्र भराभर उभं राहिलं. दीपमाला मागं उभी राहून बघत होती.

"नाक असंच होतं ना?" उषाबाई विचारायच्या.

"तुम्हीच सांगा, बाई. मी लहान होते."

"डोळे मोठे होते, नाही का?"

"व्हते असतील."

दोन तासांनी कागदावर एक बाई तयार झाली. देखणी, सोज्वळ, कॅलेंडरवर शोभेल अशी. दीपमालानं मान वाकडी करून पाहिलं, मागं सरकून पाहिलं.

"बरी आली," ती म्हणाली.

"पण?"

"काही न्हाई. बरी आली." ती वाळूवर पाणी मारायला बाहेर गेली. तिथं पाणी मारण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी उषाबाईंनी मीनाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "मीना, आपल्याकडे बेबी कामाला होती, तुला आठवते का गं?"

"बेबीमावशी? म्हणजे काय! का गं?"

"कशी दिसायची ती?"

"कशी म्हणजे? काळी कुळकुळीत, गोल चेहरा. हनुवटीवर तीन गोंदणाचे ठिपके. डावी भुवई मधेच तुटलेली, लहानपणी गोऱ्ह्यानं शिंग मारलं होतं म्हणायची. मी तिथं बोट ठेवायचे आणि विचारायचे, अजून दुखतं का? समोरच्या दातात फट. हसली की पदर तोंडावर घ्यायची, फट दिसू नये म्हणून. आई, तुला काय झालंय? तुला माहीत नाही का हे?"



"गोल चेहरा होता?" उषाबाईंनी विचारलं.

"आई!" मीना म्हणाली. "तुझी शाळा सकाळची असायची तेव्हा मी तिच्या मांडीवर झोपायचे. तिच्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा खायचे. तिच्या त्या कपातून चहासुद्धा प्यायचे, तू नसताना. एकदा तुला विचारलं होतं, मावशीचा कप बाहेर का? तू म्हणालीस, अभ्यास कर."

"मी असं म्हणाले?"

"हो."

"ती आजारी पडली तेव्हा..."

"तेव्हा मी म्हटलं होतं, बघायला जाऊ या. तू म्हणालीस, परीक्षा होऊ दे. मग ती गेलीच. दुसऱ्या दिवसापासून ती दुसरी बाई यायला लागली, हिरव्या साडीची." मीना जरा थांबली. "मला वाटलं होतं तुलाही वाईट वाटलं असेल. तू बोलायची नाहीस म्हणून मीही कधी बोलले नाही."

फोन ठेवल्यावर उषाबाईंनी दुपारचं चित्र बघितलं. लांबट चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची कुणी एक बाई. या बाईचा बेबीशी काही संबंध नव्हता. त्यांनी ते फाडलं नाही. घडी करून टेबलावर ठेवलं, दुसऱ्या दिवशी जे बोलायचं होतं ते बोलताना हाताशी असावं म्हणून.

शुक्रवारी दीपमाला आली ती मिस्त्रीचा निरोप घेऊनच. "आज न्हाई जमत म्हणले. उद्या पक्कं."

"मिस्त्रीचं राहू दे. बस. मला तुला एक सांगायचंय." उषाबाईंनी पदरानं ओठ टिपले. "परवा मी तुला खोटं सांगितलं. मला तुझ्या आईचा चेहरा आठवत नाही. कालचं ते चित्र... ते मनानं काढलं. ती तशी नव्हती."

दीपमाला बसली नाही.

"बिलकुल आठवत न्हाई?"

"पाठ आठवते. आवाज आठवतो. चेहरा नाही."

"अकरा वर्सं, बाई."

"हो."

"रोज सकाळी."

"हो."

"परवा म्हणल्या, सातवी ब मधलं पोरगं वळखलं."

 दीपमाला खाली वाकली, चाळणी उचलली आणि बाहेर गेली. अंगणातून वाळू चाळल्याचा आवाज येऊ लागला. चाळलेलीच वाळू ती पुन्हा चाळत होती. उषाबाई खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. ही आता निघून जाईल, असं त्यांना वाटलं. गेली तर थांब म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

अर्ध्या तासानं ती दारात आली. डोळे लाल होते, पण ते धुळीनंही असेल.

"मंग आता चित्राचं कसं?"

"मीनाला आठवतं. सगळं. काल तिला विचारलं मी."

"मीनाताईला?" दीपमाला खुर्चीच्या कडेला टेकली. "मीनाताई मला चिंचा द्यायच्या. लावा त्यांना फोन."

उषाबाईंनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो दीपमालाच्या हातात दिला. मीना ऑफिसात होती. "दीपू? तू बेबीमावशीची दीपू?" असं म्हणून ती आधी रडली, मग कुठल्या तरी जिन्यात जाऊन बसली. पुढचा तासभर त्या दोघीच बोलत होत्या. उषाबाई बोर्डवर वाकून नुसत्या ऐकत होत्या आणि काढत होत्या. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

"कपाळ लहान होतं ना गं? केस अगदी इथून सुरू व्हायचे."

"व्हय, व्हय. अन् कुंकू न्हाई लावायची. तिथं घामोळ्याचा डाग व्हता."

"डोळे बारीक. हसली की मिटूनच जायचे."

"गाल असे वर यायचे. बाई, गाल अजून वर."

उषाबाईंनी गाल वर घेतले. ओठ खोडले, पुन्हा काढले. बोलता बोलता दीपमालाला आठवत गेलं. एक गोष्ट मीनानं सांगितली की तिला दुसरी सापडायची. आपल्याला आठवत नाही असं ती म्हणत होती, पण ते सगळं आत होतं, फक्त कुणी हात घातला नव्हता.

"आणि तो कप," मीना मधेच म्हणाली आणि थांबली.

उषाबाईंची पेन्सिल थांबली. कागदावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "तो कप मी ठेवू द्यायला नको होता, दीपमाला."

"निळ्या फुलांचा," दीपमाला म्हणाली. "ठावं हाय मला. माय संगं आणायची तेव्हा मी त्यात खारी बुडवून खायची. मी मायला इचारलं, घरात येवढे कप हायेत, आपला येगळा काहून? माय म्हणली, आपण लाडके हाव बाईंचे. आपल्या कपाला दुसरं कोणी हात लावत न्हाई." तिनं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मला लई दिवस खरं वाटायचं ते."

 उषाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी मनात शब्द जुळवले आणि जे जुळलं ते फार कमी होतं, म्हणून बोलल्या नाहीत.

"भुवई राह्यली, बाई," दीपमालाच म्हणाली. "डावी."

उषाबाईंनी डावी भुवई काढली आणि मधोमध खोडरबराच्या टोकानं ती तोडली. एवढीशी, मुगाच्या दाण्याएवढी जागा. त्या क्षणी कागदावरचा चेहरा कुणाचा तरी झाला.

दीपमाला उठून जवळ आली. फोनमधून मीना विचारत होती, "जमलं का? दीपू, जमलं का गं?"  दीपमाला खाली फरशीवर बसली, गुडघ्यांना मिठी मारून, आणि कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आये."

उषाबाई बाजूला झाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. फोडलेल्या भिंतीशेजारच्या दारातून मागची पायरी दिसत होती. त्यांना वाटलं होतं की चित्र पूर्ण झालं की आपल्यालाही ती आठवेल, कुठूनतरी येईल आणि आपण म्हणू, हो, हीच. पण तसं काही झालं नाही. तो चेहरा त्यांनी आजच पहिल्यांदा पाहिला होता.

शनिवारी कल्याण मिस्त्री खरंच आला. नवा पाइप टाकला, विटा बसवल्या, गिलावा केला, एका दिवसात सगळं संपवलं. "बघा, मॅडम, मी म्हणलो व्हतो ना, एका दिसाचं काम." दीपमाला त्याला माल देत होती. उषाबाईंशी ती कामापुरतं बोलली. तिरसटपणा नव्हता, पण पहिल्या दिवशीचं मोकळेपणही नव्हतं. जाताना तिनं चित्र मागितलं. उषाबाईंनी सवयीनं खालच्या कोपऱ्यात सही केली होती.

"बाई, इथं तुमचं नाव हाय."

"हो. चित्रकार करतो सही."

"मायचं नाव न्हाई कुठं."

उषाबाईंनी खोडरबर घेतला, सही पुसली आणि तिथं ठळक अक्षरांत लिहिलं, बेबीनंदा. चित्र जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. "गृहप्रवेश कधी ठरलाय?" त्यांनी विचारलं.

"ठरायचा हाय. सांगते मी."

महिना गेला. उषाबाई फोन जवळ ठेवून असायच्या. भांड्यांचा सेट आणून ठेवला होता, द्यायला. मीनाला दोनदा विचारलं, तुला काही कळवलंय का तिनं? मीना नाही म्हणायची नाही आणि हो म्हणायची नाही, विषय बदलायची.

मग एक दिवस कल्याण नळाची तोटी बदलायला आला आणि काम करता करता सांगू लागला. "परवा पौर्णिमेला झाला की गृहप्रवेश दीपमालाचा. दोनशे माणूस जेवलं. तुम्ही आल्ता न्हाईत? चित्र लावलं होतं तिनं, मोठी फ्रेम करून, हार घालून. वस्तीतली एक म्हातारी तर त्याच्यापुढं बसून रडत व्हती. म्हणे, बेबीच बसली हाय जशी."

"कुणी काढलं म्हणून विचारलं असेल लोकांनी."

"इचारलं ना. दीपमाला म्हणली, माय जिथं कामाला व्हती तिथल्या बाईनं काढलं." त्यानं तोटी घट्ट पिळली. "मीनाताई व्हत्या की फोनवर, व्हिडिओ लावून. सगळं दाखवलं त्यांना."

तो गेल्यावर उषाबाईंनी मीनाला फोन केला नाही. तिचं चुकलं असं त्यांना वाटलं नाही. रागही आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा केली आणि विचारत विचारत गावाबाहेरच्या वस्तीत गेल्या. घरकुल लगेच सापडलं. फिकट पिवळ्या भिंती, दाराला आंब्याच्या पानांचं सुकलेलं तोरण. दाराला कुलूप होतं. खिडकी उघडी होती, पण गजांतून आत फक्त एक कपाट आणि त्यावर ठेवलेलं दप्तर दिसत होतं. चित्र दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर असावं. त्या थोड्या वाकल्या, गजाला गाल लावून पाहिलं. फ्रेमची कडसुद्धा दिसली नाही.

"कोण पाह्यजे?" शेजारच्या ओट्यावरून एक बाई म्हणाली. ती शेंगा फोडत होती.

"दीपमाला."

"कामावर गेली. पोरगी शाळेत. पाच वाजता येत्येन. कोण आल्तं सांगू?"

उषाबाईंनी भांड्यांचं खोकं या हातातून त्या हातात घेतलं. बाई म्हणून सांगावं, तर कुठली बाई? बेबीच्या ओळखीची म्हणावं, तर ते खरं नव्हतं.

"मीनाची आई आली होती म्हणा," त्या म्हणाल्या.

खोकं त्यांनी त्या बाईच्या ओट्यावर ठेवलं आणि उन्हातून रस्त्याकडे चालू लागल्या. रिक्षा परत पाठवल्याचं त्यांना आता आठवलं. स्टँडपर्यंत पायीच जावं लागणार होतं.